जाहिरात थांबली, मग डबा कोठून येतो?

वाचकहो, ही स्मरणिका आपण शेवटच्या पानापर्यंत चाळलीत तर जाहिराती पुष्कळ दिसतील. सराफ आहेत, प्रसूतिगृहे आहेत, तपासणी केंद्रे आहेत, कोणाच्या तरी पुण्यस्मरणार्थ दिलेले अर्धे पान आहे. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात मात्र आपल्याला सापडणार नाही. ती छापणे हा आपल्या देशात गुन्हा आहे आणि हा कायदा अमलात येऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. असे असूनही, अंबरपेठेतील माझ्या दवाखान्यात जन्मानंतरच्या पहिल्या तपासणीसाठी येणाऱ्या कुटुंबाच्या पिशवीतून दुपटी, लंगोट आणि गरम पाण्याचा थर्मास यांच्याबरोबर डबा बाहेर निघाला तर मला आता नवल वाटत नाही. कोणी दिला, असे विचारले की उत्तर ठरलेले असते. तेलुगू आई म्हणते, ‘पालु सरिपोवट्लेदु सार.’ जुन्या शहराकडची आई दखनीत सांगते, ‘दूध उतराइच नै.’ आपल्या मराठी घरातली आजी म्हणते, ‘पान्हाच फुटला नाही हो डॉक्टरसाहेब, मग दवाखान्यातच लिहून दिले.’ भाषा तीन, परंतु शेवटचे वाक्य तिघींचेही एकच असते: दवाखान्यात लिहून दिले.

जाहिरात थांबली, मग डबा कोठून येतो, या प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात आहे आणि ते आपणा डॉक्टरांना फारसे सुखावणारे नाही.

आपल्यापैकी ज्यांचे वय साठीकडे झुकले आहे त्यांना ‘ग्लॅक्सो बेबी’ हा शब्द आठवत असेल. गुटगुटीत मूल दिसले की सहज तोंडातून निघे. पुढे त्याची जागा ‘अमूल बेबी’ने घेतली. ज्या बाळाने आईच्या दुधाखेरीज काही चाखलेही नाही, त्याच्या बाळशाचे श्रेय आपण अजाणता डब्याला देत होतो. कंपनीचे नाव भाषेतच रूढ व्हावे, याहून यशस्वी जाहिरात मला ठाऊक नाही. आणि तिच्यासाठी कोणी एक पैसाही मोजत नव्हते.

या व्यापाराविरुद्ध पहिला मोठा आवाज उठवला तो एका बालरोगतज्ज्ञ स्त्रीने. डॉ. सिसिली विल्यम्स हे नाव आपल्याला क्वाशिओरकॉरच्या संदर्भात परिचित आहे. आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथे काम करून त्या मलायात आल्या आणि १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबपुढे त्यांनी ‘मिल्क अँड मर्डर’, म्हणजे ‘दूध आणि हत्या’, या शीर्षकाचे भाषण केले. गरीब आयांना अयोग्य दूध पाजण्यास उद्युक्त करणाऱ्या प्रचाराला हत्याच म्हटले पाहिजे, असा त्यांचा रोख होता. समोर बसलेल्या श्रोत्यांत व्यापारीही असणार. बाईंच्या धैर्याची कल्पना त्यावरून यावी. त्यानंतर पस्तीस वर्षे हा विषय जवळजवळ झोपूनच राहिला. १९७४ साली ब्रिटनमधील ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेने ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली. स्वित्झर्लंडमधील एका गटाने तिचा अनुवाद अधिक जहाल शीर्षकाने केला, तेव्हा नेस्ले कंपनीने त्या गटावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९७६ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला, कार्यकर्त्यांना किरकोळ दंड झाला. परंतु न्यायाधीशांनी कंपनीलाही आपल्या जाहिरातीच्या पद्धतींचा फेरविचार करण्यास सुनावले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बहिष्काराची चळवळ सुरू झाली. अखेर मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केली. तीन देश तटस्थ राहिले. विरोधातले ते एकुलते एक मत अमेरिकेचे होते.

भारताने १९८३ साली स्वतःची राष्ट्रीय संहिता केली. ती ऐच्छिक होती आणि ऐच्छिक गोष्टींचे आपल्याकडे जे होते तेच तिचे झाले. पुढच्या घडामोडींत आपल्या मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे, आणि हैदराबादेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो सहसा माहीत नसतो. स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणारे ‘बीपीएनआय’ हे देशव्यापी जाळे ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्धा येथे स्थापन झाले. मुंबईत बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘अकॅश’ ही ग्राहकहिताची संस्था त्याआधीपासून काम करीत होती. अशांच्या रेट्यामुळे १९९२ च्या अखेरीस संसदेने अर्भकांचे पर्यायी दूध, दुधाच्या बाटल्या व बालान्न यांविषयीचा कायदा केला आणि तो १ ऑगस्ट १९९३ पासून, म्हणजे स्तनपान सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी, अमलात आला. कायद्यान्वये न्यायालयात तक्रार करण्याचा अधिकार काही स्वयंसेवी संस्थांना अधिसूचनेने मिळाला. ‘अकॅश’ने त्याचा उपयोग करून डब्यावरील मजकुरावरून नेस्लेविरुद्ध दिल्लीच्या न्यायालयात तक्रार दाखल केली. कंपनीने कायद्यातील तरतुदींनाच दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. तारखांमागून तारखा पडत असताना मुंबईच्या एका डॉक्टरने आपला व्यवसाय सांभाळून दिल्लीत खटला चालवायचा म्हणजे काय, हे ज्यांनी कोर्टाची पायरी चढली आहे त्यांना सांगावयास नको.

मुंबईतल्याच आणखी एका कामाचा उल्लेख येथे केला पाहिजे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात विभागातून वरचे दूध हद्दपार केले आणि ज्या आयांना दाराबाहेर ठेवण्याची रीत होती त्यांना आत घेतले. बाळांचे जंतुसंसर्ग कमी झाले. १९८९ साली त्याच रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उघडली. निर्धन वस्तीलगतच्या पालिकेच्या रुग्णालयात, अपुऱ्या परिचारिका असताना हे घडले, म्हणून त्याचे मोल अधिक. आपल्या निलोफर रुग्णालयात ‘धात्री’ ही दुग्धपेढी यावयास २०१७ साल उजाडले. (धात्री हा शब्द किती समर्पक! चरकाने शारीरस्थानात धात्रीची लक्षणे दिली आहेत आणि तिच्या दुधाची परीक्षाही सांगितली आहे. पाण्यात टाकले असता जे एकजीव होते ते शुद्ध.)

आता कायद्याकडे वळू. त्याचे बारकावे आपल्यापैकी अनेकांनी वाचलेले नसतात, असा माझा अनुभव आहे. जाहिरात नाही, मोफत नमुना नाही, भेटवस्तू नाही. डब्यावर बाळाचे वा आईचे चित्र नाही. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षे वयापर्यंतची बाळे व त्यांचे बालान्न यात आले आणि डॉक्टरांविषयीचे कलमही कडक झाले. डॉक्टरला वा डॉक्टरांच्या संघटनेला परिषद, चर्चासत्र, स्पर्धा, शिष्यवृत्ती, संशोधन यांपैकी कशासाठीही या कंपन्यांनी पैसा देणे निषिद्ध ठरले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड. पाच हजार! परिषदेसाठी बाहेरगावी गेलेल्या डॉक्टरच्या एका रात्रीच्या खोलीभाड्यातच ही रक्कम संपावी.

परंतु मला महत्त्वाचे वाटते ते डब्यावर छापावयाचे एक वाक्य. आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम, हे तर सर्वांना पाठ आहे. त्याच डब्यावर असेही छापावे लागते की, या दुधाची गरज आहे की नाही आणि ते कसे वापरावे, याविषयी आरोग्यसेवकाचा सल्ला घेऊनच ते वापरावे. कायदा करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. घराघरांतली जाहिरात बंद करून त्यांनी निर्णयाची किल्ली तज्ज्ञाकडे सोपवली. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर याचा अर्थ निराळा होतो: आता लक्षावधी आयांना पटवण्याची गरज उरली नाही, काही हजार डॉक्टर आणि परिचारिका पुरतात. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवर आई अविश्वास दाखवू शकते. सुटीच्या कागदावर छापलेल्या नावावर ती कसा अविश्वास दाखवील?

आणि हे घडते केव्हा, तर पहिल्या तीन दिवसांत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तेलंगणात सुमारे ९७ टक्के बाळंतपणे रुग्णालयात झाल्याचे दिसते. ६०.७ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या, देशात सर्वाधिक. खासगी रुग्णालयांत तर दहांपैकी आठ. आणि जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे? शंभरांतली जेमतेम ३७. म्हणजे आई आमच्या ताब्यात, बाळ आमच्या ताब्यात, तरीही शंभरांतल्या साठाहून अधिक बाळांना तो पहिला तास मिळत नाही. येथे अडाणी सासू नाही की खेड्यातली सुईण नाही, दोष त्यांच्या माथी मारण्याची सोय नाही.

शस्त्रक्रिया झालेली आई गुंगीत, बाळ पलीकडच्या खोलीत, रात्रीच्या आयाबाईंच्या मांडीवर. बाळ रडते. बाकीचे नातेवाईक दारात उभे. ‘चीक येतो आहे तेवढा पुरे’ हे त्यांना समजावून सांगण्यास अर्धा तास लागतो. डबा उघडण्यास अर्धे मिनिट. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर चीक पुरतो. पहिल्या काही दिवसांत वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणे हे शरीरधर्माला धरून आहे. बहुतेक बाळे दहा ते चौदा दिवसांत ते भरून काढतात. हे वाचकांपैकी डॉक्टरांना ठाऊक आहे, इतरांना कोणी सांगत नाही. डब्याच्या दुधाने पोट भरलेले बाळ निजते, चोखत नाही. जे चोखले जात नाही ते दूध तयार होत नाही. चौथ्या दिवशी जो पान्हा दाटून यावयाचा तो मंदावतो आणि मग ‘दूध पुरत नाही’ ही तक्रार खरीच ठरते. ओल्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शतावरी सगळे दिले जाते. बाळाला मात्र छातीशी पुरेसे लावले जात नाही. आमच्या अंबरपेठेपासून हाकेच्या अंतरावर, तार्नाक्याला, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. डॉ. सी. गोपालन आणि तेथील संशोधकांनी फार पूर्वीच दाखवून दिले की अर्धपोटी राहणाऱ्या मातेच्या दुधातही प्रथिनांचे प्रमाण फारसे घसरत नाही. जीवनसत्त्वे मात्र तिच्या आहारानुसार कमी होतात. पोषण आईचे करावयाचे आहे, हा त्याचा अर्थ.

वरच्या दुधाचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. महिना-दीड महिन्याच्या बाळाला दिवसाला सातशे मिलिलिटरच्या आसपास दूध लागते. त्यासाठी नव्वद-पंचाण्णव ग्रॅम पूड. चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो, महिन्याला सात डबे. डबा कोणता त्यानुसार हा खर्च तीन ते पाच-सहा हजारांवर जातो. म्हणून वरचे दूध घेणाऱ्या प्रत्येक आईला मी एकच प्रश्न विचारतो, ‘डबा किती दिवस पुरतो?’ ‘दहा दिवस’ असे उत्तर आले की वजनकाट्याकडे पाहण्यापूर्वीच कळते: दूध पातळ होते आहे. छे नंबरच्या चौकापलीकडील वस्तीतून येणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला याबद्दल रागावून काय उपयोग? तिला तो डबा परवडेल काय, हे लिहून देणाऱ्याने विचारले होते काय?

या वादाला दुसरी बाजू आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आमच्या संस्थेच्या एका बैठकीत एका तरुण भगिनीने, ती स्वतः भूलतज्ज्ञ आहे, मला स्पष्ट सुनावले. ‘सर, तुम्ही पुरुष बालरोगतज्ज्ञ आईच्या दुधाची महती गाता, नाइलाजाने डबा घ्यावा लागतो तिला मात्र गुन्हेगार ठरवता. तिला माहिती मिळण्याचा हक्क नाही का? जाहिरात बंद केलीत, पण माहितीही बंद झाली.’ तिचे म्हणणे मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. तिच्या बोलण्यातला दुसरा भाग खरा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची सवैतनिक रजा मिळाली. धुणीभांडी करणाऱ्या बाईला, शिलाई करणाऱ्या बाईला त्यातले काही नाही. तिला सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध पाजा म्हणून सांगणारा आपल्या खिशातून काही देत नाही. परंतु जाहिरात म्हणजे माहिती, हे मला मान्य होत नाही. जाहिरातीने आजवर कोणत्या आईला सांगितले की या पुडीत निर्जंतुकता नसते? क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू कोरड्या पुडीत तग धरून राहतो आणि क्वचित का होईना नवजात बाळाला मेंदूज्वर देतो. जागतिक आरोग्य संघटना २००७ पासून सांगते आहे की दूध कालवताना पाणी ७० अंश सेल्सिअसहून थंड नसावे. हे किती घरांत पाळले जाते, आणि किती डॉक्टर सांगतात?

गंमत अशी की त्या भगिनीला हवी असलेली माहिती कायद्यातच आहे. सातवे कलम सांगते की अर्भकाच्या आहाराविषयी जे काही शैक्षणिक साहित्य काढाल त्यात स्तनपानाचे फायदे, थोडी बाटली थोडे अंगावर असे केल्याचे दुष्परिणाम, एकदा सुटलेले स्तनपान पुन्हा सुरू करण्यातल्या अडचणी, पर्यायी दुधाचा खर्च आणि त्याच्या गैरवापराचे धोके हे सर्व असलेच पाहिजे. शस्त्रक्रियेपूर्वी आपण जे संमतिपत्र भरून घेतो त्याहून हे वेगळे काय आहे? अपेंडिक्स काढण्यापूर्वी आपण सही घेतो. डबा लिहिताना एक वाक्यही बोलत नाही.

दरम्यान जाहिरातही नव्या वाटांनी परत आली आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ साली आठ देशांतील साडेआठ हजारांहून अधिक पालक व गर्भवती स्त्रियांशी बोलून अहवाल काढला, त्यात निम्म्याहून अधिक जणांपर्यंत या कंपन्यांचा प्रचार पोहोचल्याचे आढळले. भारत त्या आठांत नव्हता, पण मोबाइल तोच आहे. दोन वर्षांवरील मुलांच्या दुधाचा डबा त्याच रंगाचा, त्याच चेहऱ्याचा असतो, फक्त आकडा निराळा. कायदा दोन वर्षांपाशी थांबतो, तेथून जाहिरात सुरू होते. २०२४ साली ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने दाखवून दिले की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकच्या तपासलेल्या प्रकारांत प्रत्येक वाढपामागे सरासरी तीन ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर होती. स्वित्झर्लंडमध्ये तेच उत्पादन साखरेविना. आपण साखर टप्प्याटप्प्याने कमी करीत आहोत, असे कंपनीने म्हटले. आपली नाचणीची पेज, मऊ भात-वरण आणि तुपाची धार यांच्यासाठी अर्थातच कोणी प्रतिनिधी दवाखान्यात येत नाही.

आमच्या संस्थेपुढे मी एक सूचना ठेवली आहे, ती येथे नोंदवतो. आपल्या सभासदांची जी प्रसूतिगृहे आहेत तेथे दुधाचे डबे साठवून ठेवू नयेत. ज्या बाळाला खरोखरच गरज आहे त्याच्या कागदावर ते कारण डॉक्टरने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावे. रात्रीच्या आयाबाईंवर तो निर्णय सोडू नये. छापील सुटीच्या कागदावरून डब्याचे नाव काढून टाकावे आणि त्या जागी चौथ्या-पाचव्या दिवशी बाळ दाखवावयास आणण्याची तारीख घालावी. सूचनेला विरोध कोणी केला नाही. ‘स्टाफ मिळत नाही’ एवढेच चौघे-पाच जण म्हणाले. त्यात तथ्य आहे. पण शीवलाही स्टाफ नव्हता, म्हणून त्यांनी आयांना आत घेतले होते.

खरी गरज कशी असते तेही सांगतो. काही काळापूर्वी येथल्याच एका मराठी कुटुंबातील दोन महिन्यांचे बाळ माझ्याकडे आले. आईला रक्ताचा कर्करोग निघाला होता, औषधोपचार तातडीने सुरू करावयाचे होते आणि त्या औषधांबरोबर अंगावर पाजणे शक्य नव्हते. दुग्धपेढीचे दूध आधी कमी दिवसांच्या, आजारी बाळांसाठी असते. डबाच आणावा लागणार होता. बाळ आता आजींच्या स्वाधीन होते. त्यांनी डोळ्यांना पदर लावून विचारले, ‘आईचे दूध तुटले, आता हे पोर अशक्त राहणार का हो?’ मी म्हणालो, ‘आजी, हे दूध नीट कालवले तर बाळ चांगले वाढेल. बसा, आपण एकदा करून पाहू.’ पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरावयाचे, पाणी आधी मोजावयाचे, मग पूड. निवल्यावर बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावयाचे. आमच्याकडे बोंडले असे, तेलुगू घरांत उग्गु-गिन्ने असते, तेही चालेल. उरलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावयाचे, कितीही जिवावर आले तरी. आजींनी दोनदा करून दाखवले. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा, पूड चमच्यात दाबून भरू नये म्हणून आपण तिच्यावरून सुरीची पाठ फिरवतो, हे त्यांनी मला सांगितले. बाळाचे वजन पाव किलोहून अधिक वाढले होते. डबा किती दिवस पुरतो, हे विचारावयाच्या आतच त्या म्हणाल्या, ‘चार दिवस.’